चुनी

दालमिलमध्ये एक सोय असते, लोटू,
ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच येत नाही.
म्हणून आठ महिने आपण बोललो नाही
हे कुणाच्या कानावर गेलं नाही.

तू काट्यावर, मी वहीवर,
मधे चार पावलं
आणि चिठ्ठ्या पोचवणारा रमजान.
पोरगा नवा आहे,
त्याला वाटतं मिलची रीतच ही.

त्या दिवशी शेठनं विचारलं,
दीड क्विंटल चुनी गेली कुठे?
विचारलं सगळ्यांना, बघितलं तुझ्याकडे.
मी तेव्हा पेनाचं टोपण शोधत होतो.
टोपण माझ्या दातांत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तू मला 'तुम्ही' म्हणायला लागलास.
शिवी दिली असतीस तर चहा पाजला असता,
पण 'तुम्ही'ला काय उत्तर देणार?
'पावती बघून घ्या.' 'सही करा.'
एकेक शब्द चाळणीतून काढलेला,
खडा नाही, कोंडा नाही,
दाणासुद्धा नाही.

कळण्याची भाकरी आता तू गोदामात खातोस,
पोत्यांच्या थप्पीआड.
ठेच्याचा वास मात्र
माझ्या टेबलापर्यंत येतो, वेळेवर.

आणि जळगावचा मे लागला तसा
ऑफिसातला एकुलता कूलर
रोज सकाळी माझ्याकडे तोंड करून.
कुणी फिरवला, विचारायची सोय नव्हती.
माया होती की टोमणा,
गार वाऱ्यात बसून मला घाम फुटायचा.

काल दुपारी लाइट गेली.
चक्क्या थांबल्या, पट्टे थांबले,
छपराचा पत्रा उन्हानं तडकलेला ऐकू आला.
निवडणाऱ्या बायासुद्धा गप्प.
म्हटलं, आत्ता नाही तर
एकदम निरोपाच्या हारातच.

'लोटू, ती चुनी नशिराबादच्या तबेल्यावाल्यानं नेली होती.
पावती माझ्याच खणात होती. लिहायची राहिली.
संध्याकाळी शेठला मीच सांगतो.'

तू काट्यावरची धूळ हातानं पुसलीस.
पुसलेलीच परत पुसलीस.
'माले माहीत व्हतं,' म्हणालास,
'तुह्या खनात मीच पाह्यली व्हती.'
आणखी काहीतरी बोललास,
पण तेवढ्यात लाइट आली
आणि सगळी मिल अंगावर धावून आली.

'काय?' मी ओरडलो.
तू उठून जवळ आलास,
चार पावलं, मी मोजली,
आणि माझ्या कानात ओरडलास,
'कूलरमधी पानी टाक म्हनलं!
सुका फिरू राह्यला कवाचा.'