बाबलीचं टिंब

वेंगुर्ल्याच्या केंद्रात बसून मी टिंबं जोडतेय:
कुणाचा शोधनिबंध कुणाबरोबर, किती रेघा.
डॉ. तिरोडकर, गोचीड. वरचा कोपरा.
डॉ. शमीम मुकादम, माकडताप. पार खाली.
मध्ये कोरा पडदा, खाडीएवढा.

खरं तर दोघांत एकच भिंत.
तिच्या फ्रीजची घरघर त्याच्या टेबलावर ऐकू येते.
अकरा वर्षं बोलणं नाही;
कारण विचारलं तर दोघंही आठवायला लागतात.

बाबली आरोंदेकर दोडामार्गच्या काजूबागांतून येतो,
एका दारात गोचिडींची बाटली ठेवतो,
दुसऱ्या दारात रक्ताच्या नळ्या,
आणि दोन्हीकडे म्हणतो, "थंय पण वाढलेत हां."

संगणक विचारतो, याचे निबंध किती?
शून्य, लिहिलं मी.
मग ते शून्यच उचललं
आणि भिंतीवर ठेवलं.