तिसरी पाळी, सातपूर

पुंजाराम खैरनार गेले.
पेपरात चार ओळी : 'जुने खो-खोपटू'.
वयही चुकलेलं.

मी त्यांच्याशी एकदाच बोललो, पाचवीत असताना.
पहाटे दूध टाकायला निघालो की
पंचवटीच्या मैदानावर अंधारात
एक माणूस खांबाशी भांडत असायचा.
सूर, माती, उठणं. परत सूर.
त्या दिवशी तर आदल्या रात्रीच फायनल जिंकलेले,
बक्षिसाचा स्टीलचा डबा
अजून सायकललाच लटकत होता.

विचारलं, 'आता कशाला?'
म्हणाले, 'काल हात बोटभर उशिरा लागला.
कुणाला दिसलं नाही. खांबाला कळलं.'
मग म्हणाले, 'उभा आहेस तर मोज.'
एकशे चाळीसपर्यंत मोजलं.
दूध उशिरा पोचलं, घरी मार बसला.

आज लेथवर सहाशे बुश काढायचेत.
चारशे बाराव्याला मायक्रोमीटर केसभर पुढे.
सुपरवायझर पेंगलेला.
चालून जाईल असा पीस.
चालून गेलेले कितीतरी माझ्या नावावर आहेत,
खोटं कशाला बोलू.

हात पेटीकडे गेलाच होता,
तेवढ्यात पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे,
पंजा पडावा तसं काहीतरी.
खो ऐकू आला नाही.
पण बसलेल्यानं मागं वळून बघायचं नसतं,
उठायचं असतं.

पीस भंगारात टाकला.
टूल काढून धार लावली.
चहाची सुट्टी त्यातच गेली, चहाही.

पुन्हा
चारशे बारा.