आलंच आता

चाकणच्या चौकातच तिनं पहिल्यांदा विचारलं,
तेव्हा उजाडलंही नव्हतं.
"अजून किती?"
"हे काय, आलंच आता."
मंचरला विचारलं, वडापावचा कागद मुठीत चुरगाळत.
घोडेगावला विचारलं.
डिंभ्याच्या पाण्याकडेनं वळणं सुरू झाली तेव्हा
पिशवीत ओकून झाल्यावर, तोंड पुसत, विचारलं.
आलंच, शाल्मली. आलंच.

आहुप्यातून सोबत आल्या हौसाबाई लोहकरे.
पायात प्लॅस्टिकच्या चपला, कमरेला कोयता, बस्स.
आमच्याकडे पाण्याच्या चार बाटल्या, दोन टोप्या,
उन्हाचं मलम, खजुराचे लाडू,
आणि श्रीपादच्या पाठीवर नऊ महिन्यांचा अद्वय,
जो रानभर फक्त बापाचा कान चोखत राहिला.

मार्गशीर्षातली कारवी, वाळून नुसत्या काटक्या.
देवराईत मात्र ओला काळोख,
माणसाच्या मांडीएवढे वेल.
"इथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही," हौसाबाई म्हणाल्या,
तशी शाल्मलीनं खिशातली काडी काढून
तिला ज्या झाडाची वाटली त्या झाडाशी ठेवली.
झाड चुकलं असावं.
कुणी काही बोललं नाही.

शेकरू दिसलं नाही. घरटं दिसलं,
उंचावर, विस्कटलेलं, सकाळच्या घाईतल्या घरासारखं.
"ऑफिसला गेलं असेल," ती म्हणाली.

मग चढ.
वेताळ टेकडीएवढाच, पण साडेसहा वर्षांच्या पायांना
टेकडी काय आणि डोंगर काय.
ती मटकन बसली. अजून किती?
माझ्या ओठांवर आलंच होतं ते
नेहमीचं,
पण हौसाबाई वाकून तिच्या उंचीला आल्या.
"लांब हाय गं. खोटं कशाला सांगू?
ह्यो दांड, मंग वघळ, मंग कडा.
पण सावली हाय."

शाल्मलीनं मान हलवली,
सौदा पटल्यावर मोठी माणसं हलवतात तशी,
आणि चालू लागली.

मी मागे राहिले. बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी बांधली.

गेल्या फाल्गुनात, एरंडवण्यात, चौथ्या मजल्यावर
हिरव्या पडद्याआड बाबांनी विचारलं होतं,
अजून किती गं?
काय विचारतायत ते मला कळलं होतं.
मी सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाले,
"हे काय, संपतच आली."
ते गप्प झाले. ज्याला वाट विचारली
तो या गावचाच नाही हे कळल्यावर
वाटसरू होतो, तसे गप्प.

खिडकीबाहेर एक झाड होतं, नाव विचारायचं राहिलं.
रोज चारच्या सुमाराला त्याची सावली
पलंगावर चढून त्यांच्या पावलांपर्यंत यायची.
तेवढी तरी दाखवायची.

कडा आला सव्वा तासानं.
खाली कोकण, धुरकट, कुणीतरी अंथरून विसरलेलं.
हौसाबाईंनी पाय घट्ट धरले, आणि शाल्मलीनं
पोटावर पडून खाली पाहिलं, थुंकून पाहिलं,
वाऱ्यानं ते तिच्याच तोंडावर परत आणलं.
हौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.
मग त्यांनी ओच्यातला हिरडा दिला चावायला.
तिनं तोंड वेडंवाकडं केलं, घोटभर पाणी प्यायली,
आणि ओरडली: "आई! पाणी गोड झालं!"
मीही चावला.
झालं होतं.

उतरताना अद्वयनं भोकाड पसरलं.
श्रीपाद म्हणाला, "आलंच हं, सोन्या, आलं..."
"नाही आलं," शाल्मली म्हणाली.
भावाचा पाय धरून समजुतीच्या सुरात सांगू लागली,
"लांब आहे रे. पण..."
आणि सावलीसाठी वर पाहिलं.
नागडा दांड, बाराचं ऊन.
क्षणभर अडखळली.
"पण लाडू आहे," म्हणाली.
आणि जरा थांबून,
"एकच."