अर्धा ॲम्पियर

दोन्या एदुविनाकडे मी गेलो जुलैत.
चिलोएच्या बेटांवर जुलै म्हणजे पाचलाच अंधार.
मांडीवर खोकं, खोक्यात पितळेची जाड पट्टी,
निळी वायर, पेल्याच्या तोंडाएवढा मीटर.
नाववाला म्हणाला, म्हातारीला घड्याळ बसवतोस की काय?
तसंच काहीसं, म्हटलं.

घराला लाकडी खवले, चूल दिवसभर पेटलेली,
जिन्याखाली दोन बॅटऱ्या, बटाट्याचं पोतं पांघरून.
छपरावर सौरपाट्या उत्तरेकडे तोंड करून,
कारण आमचा सूर्य उत्तरेकडून जातो,
हिवाळ्यात तर देणेकऱ्यासारखा, भिंतीच्या कडेकडेने.

आजवर कसं कळायचं, किती उरलीय ते?
दिवा पिवळा पडला की झोपायचं, ती म्हणाली.
गाय आटत आली की कळतंच ना,
तिला काय आकडे लावून बघायचं?

मी पाना घेतला, ऋण टोकावरचे नट सैल केले.
नियम एकच:
जे येईल, जे जाईल, ते या पट्टीवरून.
जकातनाका समजा.
आडवाटेने काही गेलं, की वही खोटी.
जुन्या वायरी एकेक करून पट्टीच्या पलीकडे नेल्या.
एक बारीक, काळ्या चिकटपट्टीतली, कुठे जाते कळेना,
मेलेली समजून कापली.

मग मीटरला सांगायचं, पोट केवढं.
बॅटऱ्यांवर छापलंय, मिळून दोनशे वीस.
सात हिवाळे काढलेत त्यांनी; मी एकशे साठ भरले.
माझे किती भरशील? म्हातारीनं विचारलं.

आणि शंभर टक्के म्हणजे काय, तेही शिकवावं लागतं त्याला.
एकदा काठोकाठ भरून दाखवायचं: हे बघ, याला म्हणतात.
त्यासाठी तीन दिवस राहिलो.
थोडं ऊन, उरलेलं शेजाऱ्याच्या जनरेटरचं,
पोटात तिचे बटाट्याचे मिल्काओ.
आकडा शंभरवर टेकला आणि मी निघालो.

नवव्या दिवशी निरोप:
मीटर म्हणतो अठ्ठ्याहत्तर, घरात मेणबत्ती.

परत नाव, परत तिरपा पाऊस, परत नाववाल्याचं तोंड.
सगळे नट तपासले. सगळे आकडे.
अठ्ठ्याहत्तर. ढिम्म.
खोटं बोलणारा माणूस निदान पापणी तरी हलवतो.

शेवटी जिन्याखाली आडवा झालो, टॉर्च दातात धरून.
ती बारीक वायर.
पुन्हा जोडलेली, पट्टीला वळसा घालून, थेट बॅटरीला,
नट चमच्याच्या दांड्याने आवळलेला.
फळीच्या भेगेतून वर, पिठाच्या डब्यामागे,
रुपेर्तोचा रेडिओ, रुपेर्तो गेला तरी चालू,
आवाज इतका खाली की पावसात मुरलेला.
घर काळोखात, आणि याचा हिरवा ठिपका जागा.

चिमट्याचा मीटर लावला: अर्धा ॲम्पियर.
दिवसाचे बारा, नऊ दिवसांचे एकशे आठ.
हातचा धरायचा राहिला की बेरीज अशीच बुडते.

ते काय वापरणं आहे? ती म्हणाली.
मी बोलत नाही त्यात. नुसती ऐकते.
आर्नोल्दो दक्षिणेला असतो, खेकड्यांच्या नावेवर,
त्याचा आवाज इथवर पोचत नाही, तिलाही ठाऊक.
पण एक नाव दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला,
आणि कधी रात्री, हवामान आणि शिव्यांच्या मधे,
कुणीतरी त्याचं नाव घेतं.

मी वायर सोडली, पट्टीच्या अलीकडे बांधली.
आता सगळे दिवे मालवले तरी
मीटर शून्यावर जात नाही.
उणे शून्य पूर्णांक पाच.
तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.
हाच का तो?
हाच.

काहीतरी बंद करावं लागेल, दोन्या, मी म्हटलं,
हिवाळाभर दोन्ही परवडणार नाही.
तर फ्रीज बंद कर, ती म्हणाली.
दार उघडून बघ,
बाहेर काय कमी थंडी आहे?