दोन पायांचा बगळा

मी हेंड्रिकये बोल. रॉटरडॅमच्या पोलीस मुख्यालयात,
तळघरात बसून पावत्या मोजणारी बाई.
वर काय चालतं ते मला कागदावरून कळतं,
आणि कागद खाली येतो तेव्हा
त्याला सिगारेटचा वास असतो, कधी मोहरीचा डाग.

खबऱ्याला आमच्याकडे नाव नसतं.
आकडा असतो, आणि एक टोपणनाव.
चारशे सतरा : बगळा.
खरं नाव तिजोरीत, लाखेनं बंद केलेल्या लिफाफ्यात,
आणि एका माणसाच्या जिभेवर.
तो माणूस इन्स्पेक्टर चेर्ड हूकेमा,
माझ्या वाढदिवसाला न चुकता केक आणणारा.

बगळा सही करत नसे.
पावतीच्या शेवटच्या ओळीवर तो बगळा काढी,
तीन रेघांत : मान, पोट, आणि
एक पाय.
चारशे गिल्डर मिळाले. बगळा.
धक्का सात, केळ्यांचं जहाज, मंगळवारी रात्री. बगळा.
आमच्या कालव्याकाठी उभा असतो तसाच,
ध्यान मासळीवर.
मी शिक्का मारी, तो त्याच्या पोटावर बसे.
(एकदा मी मुद्दाम बाजूला मारला.)

ऑक्टोबरात वालहाफनच्या पाण्यातून
एक प्रेत काढलं. वर्तमानपत्रात चार ओळी :
बंदरावरचा मजूर, मूळचा केप व्हर्दचा, वय एकेचाळीस,
पाण्यात पडण्याआधीच मेलेला.
मी ते वाचलं, ब्रेडला लोणी लावलं,
बस पकडली.

नोव्हेंबरची पावती आली. डिसेंबरची. जानेवारीची. फेब्रुवारीची.
चारशे, चारशे, चारशे, चारशे.
मी शिक्के मारले.
मग नळ फुटला, तळघरात पाणी शिरलं,
भिजलेल्या पावत्या मी दोरीवर वाळत घातल्या
चिमटे लावून,
तेव्हा दिसलं :
ओळीनं टांगलेले बगळे,
डावीकडचे सगळे एका पायावर,
उजवीकडचे चार
दोन पायांवर.
नीटनेटके, शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतले जणू.

साहेबांनी पक्षी बघितला होता.
पाय मोजले नव्हते.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं, तर
आमच्याकडे शेतांना कुंपण नसतं,
पाण्याचा चर असतो.
चर काही खात नाही.
रोज थोडी कड ओली करतो,
आणि एका सकाळी गाय आत असते.

कोर्टात सोळाशे गिल्डरांचा हिशेब झाला.
न्यायाधीशांनी भिंग घेऊन पाय मोजले,
पुन्हा मोजले.
लिफाफ्यातलं नाव धक्क्यावर कुणी पोचवलं
हेही कुणीतरी विचारलं.
हूकेमा छताकडे बघत राहिले.
जिभेची पावती कुणी फाडत नाही.
नऊ महिने, खोट्या सहीबद्दल.
बाकीचं, पुराव्याअभावी.

त्याआधी, एप्रिलात, त्याची बहीण आली होती,
इलिडिया एव्होरा. मासळी साफ करते, बोटांना भेगा.
सामानाचा खोका न्यायला.
किल्ल्या, ट्रामचा पास, दोन नाणी,
एकच बूट, उजवा,
तळवा तीन बोटं जाड.
‘एकोणिसाव्या वर्षी पाय साखळदंडाखाली आला,’ ती म्हणाली.
‘नंतर उभा राहिला की सगळा भार डाव्यावर.
आई त्याला चिडवायची.’
काय म्हणून, ते तिनं त्यांच्या क्रिओल भाषेत सांगितलं.
मला शब्द कळला नाही. मी अर्थ विचारला नाही.

‘तो तुमच्याकडे कशाला यायचा?’

नियमात उत्तर बसत नाही.
मी पावती पुढे सरकवली : खोका एक, मिळाला.
शेवटच्या ओळीवर तिनं सही केली,
पूर्ण नावाची, सावकाश, जीभ दातांत धरून,
आणि मी शिक्का हातात घेऊन
तो कुठे मारावा, ती जागा
शोधत बसले.