मंडळीची चिठ्ठी

निघताना राहुरीच्या पाळक बोर्ड्यांनी चिठ्ठी दिली:
सदर भगिनी आमच्या मंडळीची चांगल्या नावाची सभासद आहे,
तिला आपल्यात सामावून घ्यावे.
वर 'प्रति' लिहून पुढची जागा कोरी.
"परकं गाव आहे, बाई. आधी बघ, मग भर."
चार महिने ती म्हापशात, लॅबच्या खणात,
प्लास्टरच्या जबड्यांखाली पडून आहे.

मी कवळ्या बनवते.
माणूस गायला लागला की आधी तोंडात बघते,
मग शब्दांकडे. खोड आहे, देव माफ करो.

पहिला रविवार हॉटेलातल्या हॉलमध्ये.
एसी, गिटार, पडद्यावर सरकणाऱ्या ओळी,
सगळ्यांचे दात सरळ, तारा लावून ओढलेले.
दारात एका मुलीनं मिठी मारली आणि फॉर्म दिला:
आमच्याबद्दल कुठून कळलं?
मी लिहिलं, मोटारसायकलवाल्या पायलटकडून.
आता दर शुक्रवारी मेसेज येतो,
माझं नाव चुकवून.

घराजवळचं चॅपेल मला आवडलं होतं, खरं सांगते.
सहाची मीस, कोकणीतून.
आवेलिना बायनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.
रोमी अक्षरं, मी बोटानं लावत गेले,
गि... रा... स...
आणि मध्येच उजेड पडला: अगं, हा तर घास!
आम्ही रोजची भाकर मागतो,
हे घास मागतात.
भाकर ताटात पडली तरी चावायची असते,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
त्या सकाळी मी प्रार्थना दोनदा म्हटली,
एकदा आपली, एकदा त्यांची.

पण मग सगळे रांगेसाठी उठतात.
मी गुडघे तिरके करून वाट देते.
आवेलिना बाय परत येते, ओठ मिटलेले,
जिभेवर काहीतरी विरघळत असलेलं,
आणि तेवढा वेळ ती माझी शेजारीण नसते.

फेस्ताच्या मिरवणुकीत
काहींच्या अंगावर लाल झगे, काहींच्या निळे.
कोण कुठला घालतो, मी विचारलं नाही.
काही प्रश्न भाषा न येताही ओळखू येतात.

आणि भाषा येते तिथं तर विचारलेच जातात.
पर्वरीला, टाइल्सच्या दुकानावरच्या खोलीत
मराठी मंडळी भरते, अकरा माणसं, एक पेटी.
ओहोळकाकूंनी चहा देताना विचारलं,
"मूळच्या कुठल्या?"
राहुरीच्या.
"ते झालं. पण त्याआधीच्या?"
आमच्या घराचा बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या.
चहात साखर जास्त होती.

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं, आणि गेले.
भजनाला भिंगारदिवे आजोबा, ऐंशीचे,
आवाज अजून विहिरीसारखा,
पण प्रत्येक 'स'ला वरची कवळी सुटायची:
स्वर्गात खट्, स्तुतीत खट्.
बाकीचे ती खट् धरूनच टाळ्या देत होते,
किती वर्षं कोण जाणे,
न हसता.

मला राहवेना.
बुधवारी त्यांना डॉक्टर बार्रेटोंच्या खुर्चीत बसवलं.
सोबत ओहोळकाकू, पिशवीत मऊभाताचा डबा.
मापाचा गुलाबी लगदा तोंडात भरला
की माणसाला कुठलाच प्रश्न विचारता येत नाही,
नुसता बघत राहतो.
आजोबा बघत राहिले.
काकूही, माझ्या हातांकडे.

रात्री खण उघडला.
'प्रति'च्या पुढे पर्वरी लिहिलं, पेन्सिलीनं.
सहाच्या मीसला अजून जाते, मधल्या वारी,
कधी जाग आली तर,
त्या एका शब्दासाठी.

आईचा फोन: मिळालं का गं देऊळ?
गाणं कसं आहे तिथलं?
वरची बाजू जरा सैल आहे, म्हटलं.
बसवतेय.