साडेसात पाइंट पाणी

कॅम्पातून पेन्शनीत निघाला लुमाण्णा पाऊसकर
आणि शहापुरात, एका बोळाच्या तोंडाला,
स्टो दुरुस्तीचं दुकान टाकून बसला.
बोर्डावर दोन भाषा, रंग एकाच डब्यातला.
मराठी ओळीवर एका रात्री डांबर फासलं गेलं,
पुढच्या वर्षी कानडीवर.
तो म्हणाला, ऱ्हाऊ दे, स्टोचं चित्र हाय की.

मी तिथं वॉशर भिजवायला. वय तेरा.
गोडेतेलाच्या वाटीत कातडी चकत्या
आणि समोर हा माणूस, डाव्या कानानं ठार बहिरा,
बर्नर पिळता पिळता व्हिकर्सबद्दल असा बोलायचा
जसं दावणीच्या जुन्या म्हशीबद्दल बोलावं:
"पाणी पाजल्याबिगर चालतीच नव्हती बघ.
साडेसात पाइंट. नळीभवती पत्र्याचा डगला, डगल्यात पाणी.
पाच-सहाशे गोळ्या झाल्या की उकळी.
वाफ दिसली की पलीकडच्याला जागा कळणार,
म्हणून रबरी नळीनं वाफ डब्यात धरायची,
निवली की तेच पाणी परत तिच्या पोटात."

कुलूप समजवायला त्यानं माझं कोपर धरलं.
ताठ: बंद. मोडलं: उघडं.
"गोळी पुढं, नळी मागं.
त्या मागं येण्यातच रिकामं केस भाईर, नवं आत,
स्प्रिंग ताणून तयार.
कुणा शहाण्याच्या खांद्याला दणका बसला म्हणे एकदा.
चोळत बसायचं सोडून म्हणाला,
ह्यो दणका फुकट का घालवायचा?
तिथनं सगळं सुरू झालं."

ब्रेन त्याला हलकट वाटायची, आणि लाडकीही.
तिला पाणी नको. नळीच्या पोटाला बारीक भोक,
तिथनं धूर चोरायचा आणि दट्ट्यावर मारायचा.
तापली की मूठ धरून नळी उपसायची, दुसरी चढवायची.
डोक्यावर वाकडं मॅगझिन, म्हशीच्या शिंगागत.
"तीस मावतात. भरायच्या अठ्ठावीस.
पोट गच्च झालं की अडकतंय. माणसाचंबी तसंच."
मग स्टोचं निपल उजेडाकडे धरून
एका डोळ्यानं भोकातलं आभाळ बघायचा.
"जात एकच, बघ."

लाईट गेली तरी मेणबत्ती मागत नसे.
अंधारात त्याची बोटं मोजत जायची,
पिन, नट, वॉशर, पुन्हा पिन,
आणि लाईट आली की पंप जोडलेला.

मी विचारलंच शेवटी. पोरं विचारतात तेच.
किती मारली?
उजवा कान पुढे करून त्यानं दोनदा विचारायला लावलं.
"मी आर्मरर. मी कुणावर घोडा दाबला नाही.
अडकलेलं सुरू करून द्यायचं, येवढंच माझं काम."
बराच वेळ कानस चालली.
"एकदाच. डोंगरात.
पट्टा भिजून फुगला होता, आत बसंना.
समोरच्या उतारावर ती माणसं
आपली पडलेली माणसं उचलून न्यायला आली होती.
चार मिनिटांचं काम. मी चाळीस लावली.
साहेबाला सांगितलं, रोक सापडंना.
शोधत होतो की."

आता मी उद्यमबागेत, सीएनसीवर.
ड्रॉइंग येतं, त्यावर नंबर असतो, नाव नसतं.
दोन मायक्रॉन इकडे तिकडे चालत नाहीत.
परवा एक दट्ट्या हातात घेऊन उभा राहिलो,
पोटाला चार भोकं, लहानमोठी.
फोरमन भीमशी हट्टी म्हणाला, काय बघालास?
म्हटलं, काही नाही.
पाठवून दिला.

दुकान बंद पडून वर्षं झाली. घरोघरी सिलिंडर आले.
शेवटचा स्टो महादेवक्काचा, तिसऱ्यांदा आलेला.
त्यानं पंप मारला, काडी लावली.
ज्योत निळी झाली की फर्र आवाज येतो,
तो त्याला ऐकू येत नव्हता.
टाकीवर तळहात ठेवून बसला,
आत काय चाललंय ते हाताला कळेपर्यंत.